बांधकामाच्या वाटेत शिकारी पक्ष्याचं घरटं आलं तर काय करायचं? मेळघाटचा रानपिंगळा आणि अकोला-खंडवा रेल्वेची गोष्ट

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला जिल्ह्यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एक जागतिक विक्रम झाला. लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्यात आला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली आणि त्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील.

हा विक्रम डांबरीकरणाचा होता, झाडतोडीचा नव्हे. पण आजची यंत्रं किती वेगाने काम करतात, हे त्यावरून कळतं. पाच दिवसांत ७५ किलोमीटर.

आता दुसरा आकडा बघा. मेळघाटात राहणारा रानपिंगळा अंडी घालतो तेव्हापासून पिल्लं ढोलीबाहेर पडेपर्यंत साधारण दोन महिने लागतात. अंडी उबवायला सुमारे ३० दिवस आणि पिल्लं उडण्याजोगी व्हायला आणखी महिनाभर. हा वेळ कमी करण्याची कोणतीही मशीन नाही.

रस्ते, रेल्वे, धरणं, विजेचे मनोरे, नवी ले-आउट्स या कामांच्या वाटेत शिकारी पक्ष्यांची घरटी येतात, तेव्हा या दोन वेगांची टक्कर होते. त्यावर कायदा काय सांगतो? काम न अडवता घरटं वाचवता येतं का? आणि अकोला-खंडवा रेल्वेच्या वादातून वऱ्हाडाने काय शिकायचं? एकेक करून समजून घेऊ.

शिकारी पक्षी म्हणजे नेमके कोणते?

गरुड, घार, ससाणे, शिक्रा, गिधाडं आणि घुबडं हे सगळे शिकारी पक्षी. बाकदार चोच, मजबूत नख्या आणि तीक्ष्ण नजर ही त्यांची ओळख. गिधाडं मेलेल्या जनावरांवर जगतात, बाकीचे मुख्यतः शिकार करतात.

वऱ्हाडात हे पक्षी फक्त मेळघाटातच दिसतात असं नाही. अमरावती-अकोला शहरांवर घिरट्या घालणारी घार रोजच्या ओळखीची आहे. शेतातल्या तारेवर बसणारी पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची कापशी उंदीर टिपते. कॉलनीतल्या कडुनिंबावर शिक्रा घरटं करतो. जुन्या वाड्यात, पडक्या गोदामात गव्हाणी घुबड राहतं. नाल्याच्या उभ्या काठावर किंवा बंद पडलेल्या खदानीच्या कपारीत शृंगी घुबड जमिनीवरच अंडी घालतं. पोहरा-मालखेडच्या जंगलात किंवा काटेपूर्णा अभयारण्यात गेलात तर तुरेवाला सर्पगरुड दिसण्याची शक्यता असते.

या पक्ष्यांची संख्या मुळातच कमी असते, कारण ते अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला आहेत. त्यांची पिल्लंही थोडी. सर्पगरुडाची मादी एका विणीत एकच अंडं घालते. रानपिंगळ्याची बहुतेक वेळा दोन. त्यामुळे एक घरटं मोडलं की त्या जोडीचं अख्खं वर्ष वाया जाऊ शकतं.

शेतकऱ्यासाठी हा हिशोब आणखी सरळ आहे. कापूस, सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या वावरात उंदीर होतात. गव्हाणी घुबड आणि कापशी यांचं मुख्य खाद्यच उंदीर आहे. इस्रायलमध्ये शेतकरी उंदीर आटोक्यात ठेवण्यासाठी शेतात गव्हाणी घुबडांकरिता मुद्दाम लाकडी पेट्या लावतात. आपल्याकडे हे काम फुकटात होतं, फक्त जुनी झाडं आणि पडक्या भिंती शिल्लक राहायला हव्यात.

खरी अडचण कॅलेंडरची

बांधकामाचा हंगाम कोणता? पावसाळा संपला की. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत जून ते सप्टेंबर जेसीबी रुततो, मुरूम वाहून जातो, कामं थंडावतात. दसरा-दिवाळी झाली की कामाला वेग येतो आणि मार्च अखेरपर्यंत बिलं काढण्याची घाई असते. पुढच्या पावसाआधी, म्हणजे मे अखेरपर्यंत, मोठं काम उरकायचं असतं.

आणि शिकारी पक्ष्यांच्या विणीचा हंगाम? रानपिंगळ्याचा साधारण ऑक्टोबर ते मे. ठिपकेदार पिंगळा, शृंगी घुबड आणि घार यांचा मुख्य काळ हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात. शिक्रा मार्चपासून पुढे उन्हाळ्यात.

म्हणजे ठेकेदाराला कोरडे महिने लागतात आणि पक्ष्यालाही तेच. पानगळीनंतर जंगल मोकळं होतं, उंदीर-सरडे सहज दिसतात, पिल्लांना भरवणं सोपं जातं. नेमक्या त्याच दिवसांत झाडावर लाल रंगाचा आकडा पडतो आणि करवत येते.

मग सगळी झाडं पावसाळ्यात तोडली तर प्रश्न सुटेल का? नाही. बगळे, पाणकावळे, सुगरण असे अनेक पक्षी पावसाळ्यातच घरटी करतात. कोणताही महिना शंभर टक्के 'सुरक्षित' नसतो. म्हणून तोडण्याआधी त्या झाडावर चढून किंवा दुर्बिणीतून पाहणं, याला पर्याय नाही.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण केरळमधलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणासाठी एक चिंचेचं झाड जेसीबीने पाडण्यात आलं. झाडावर पाणपक्ष्यांची घरटी होती. झाडाबरोबर डझनावारी पिल्लं आणि अंडी रस्त्यावर आदळली. तो व्हिडिओ देशभर फिरला, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, अटकाही झाल्या. ते शिकारी पक्षी नव्हते, पण धडा तोच आहे. पिल्लं उडेपर्यंत थोडे दिवस थांबलं असतं, तर महामार्गही झाला असता आणि कुणाला कोर्टाची पायरीही चढावी लागली नसती.

११३ वर्षं 'हरवलेला' पक्षी

आता वऱ्हाडाच्या सगळ्यात महत्त्वाच्या शिकारी पक्ष्याकडे येऊ. रानपिंगळा. मुठीएवढा म्हणता येईल असा, जेमतेम २३ सेंटिमीटरचा. आपल्या अंगणातल्या ठिपकेदार पिंगळ्यासारखाच दिसतो, पण डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नसतात. आणि घुबड असूनही तो दिवसा हिंडतो, शिकार करतो.

१८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमध्ये या पक्ष्याचा पहिला नमुना मिळाला आणि १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हे तेच ह्यूम, ज्यांचं नाव पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी जोडलं गेलं. १८८४ मध्ये खानदेशात शेवटचा नमुना मिळाला. त्यानंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नाही.

मधल्या काळात एक भानगडही झाली. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागन याने १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळाल्याचा दावा केला होता. पुढे संशोधकांनी सिद्ध केलं की तो नमुना खोटा होता. दुसऱ्याने जमवलेला जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. चुकीच्या पत्त्यामुळे शोधही भरकटला.

अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. पुढच्या काही वर्षांत बीएनएचएस आणि स्थानिक अभ्यासकांनी सातपुडा पिंजून काढला, तेव्हा मेळघाट हा या पक्ष्याचा मोठा आसरा असल्याचं स्पष्ट झालं. रानपिंगळा जगात फक्त भारतात आढळतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो आज 'संकटग्रस्त' गटात आहे. प्रौढ पक्ष्यांची अंदाजे संख्या हजाराच्या आत धरली जाते.

घरट्याच्या बाबतीत रानपिंगळ्याची गरज फार नेमकी आहे. तो घरटं बांधत नाही. साग, सालई, रोहन, लेंडिया अशा झाडांतल्या नैसर्गिक किंवा सुतार पक्ष्याने कोरलेल्या ढोलीत अंडी घालतो. ढोली कोवळ्या झाडात नसते. जुन्या, कुठे वाळलेल्या, कुठे फांदी मोडलेल्या झाडात असते. आणि कोणत्याही कामात सगळ्यात आधी कोणतं झाड 'निरुपयोगी' म्हणून निघतं? तेच वाळकं झाड.

एका झाडामागे दहा रोपं लावली की भरपाई झाली, हा हिशोब इथे चालत नाही. आज लावलेल्या रोपात ढोली व्हायला कित्येक दशकं जातात. तोवर त्या जोडीने कुठे जायचं?

अकोला-खंडवा रेल्वे: वाद नेमका काय होता?

दक्षिण भारताला राजस्थानशी जोडणाऱ्या जुन्या मीटरगेज मार्गाचा एक तुकडा म्हणजे अकोला-खंडवा. अकोट, हिवरखेड, वान रोड, धुळघाट, तुकईथड करत ही गाडी सातपुडा ओलांडायची. धुळघाटजवळ घाट चढण्यासाठी रूळ स्वतःच्याच वरून जातात. रेल्वेप्रेमींमध्ये ते वळण प्रसिद्ध आहे. अकोल्याकडून इंदूर-उज्जैनला जाणाऱ्यांची, ओंकारेश्वरच्या भाविकांची आणि मेळघाटातल्या कोरकू कुटुंबांची ही स्वस्त गाडी होती.

देशभर मीटरगेजचं ब्रॉडगेज करण्याचं धोरण आलं. पूर्णा-अकोला भाग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. पुढचा अकोला-अकोट भागही झाला आणि २०२२ मध्ये त्यावर गाडी सुरू झाली. प्रश्न अकोटच्या पुढे होता.

सुमारे १७६ किलोमीटरच्या अकोला-खंडवा मार्गातला जवळपास ४० किलोमीटरचा तुकडा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. त्यातला काही भाग थेट वान अभयारण्यात आहे. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी मेळघाट एक.

'जुना रूळ आहेच, फक्त रुंद करायचा आहे' अशी एक बाजू होती. ती अगदीच चुकीची नव्हती. गाडी बंद पडल्याने हाल होत होते ते इथल्याच माणसांचे. दुसरी बाजू सांगत होती की मीटरगेजची मंद गाडी आणि ब्रॉडगेजच्या वेगवान गाड्या यांत फरक आहे. रूळ रुंद करायचा तर डोंगर कापावा लागतो, झाडं तोडावी लागतात, भराव घालावा लागतो. काम काही वर्षं चालतं आणि नंतर गाड्यांची संख्या वाढतच जाते. शिवाय याच मेळघाटातून बोरी, कोहा, कुंडसारखी गावं जंगलासाठी बाहेर येऊन बसली आहेत. माणसं उठवलेल्या जंगलातून एक्स्प्रेस कशी न्यायची, हाही सवाल होता.

इथे एक गोष्ट फारशी माहीत नसते. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरण मंजुरी लागते ती २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार. त्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत. म्हणजे रेल्वेसाठी ती जनसुनावणी, तो अहवाल बंधनकारक नाही. जंगलातून जाणाऱ्या रेल्वेला अडवणारं किंवा वळवणारं दार एकच उरतं: वन आणि वन्यजीव कायद्याखालची परवानगी. व्याघ्र प्रकल्पातली जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता लागते.

त्यामुळे मेळघाटचा वाद मंडळाच्या बैठकांमध्ये आणि न्यायालयात लढला गेला. भारतीय वन्यजीव संस्थेने पर्यायी मार्ग सुचवला. ऑगस्ट २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी तत्कालीन रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांना पत्र लिहून मार्ग मेळघाटाबाहेरून नेण्याची मागणी केली. त्यानंतर अकोट-हिवरखेडहून सोनाळा, जामोद, खकनार असा वळसा घालून तुकईथडला मिळणारी आखणी पुढे आली. हा मार्ग सुमारे ३० किलोमीटरने लांब आहे. पण ज्या बुलडाणा जिल्ह्यातल्या गावांनी रेल्वे पाहिलीच नव्हती, त्यांच्या जवळून तो जातो. म्हणजे लांबी वाढली, तशी प्रवाशांची संख्याही वाढायची शक्यता निर्माण झाली.

मार्ग वळवला, म्हणजे घरटी वाचली?

चर्चा बहुतेक वाघाभोवती झाली. पण मेळघाटातला मार्ग टळल्याचा फायदा तिथल्या जुन्या झाडांना आणि ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांनाही झाला. मार्गाची आखणी बदलणं हा घरटी वाचवण्याचा सगळ्यात पक्का उपाय आहे. पण तो कागदावर असतानाच करता येतो. रूळ पडल्यावर नाही.

तरीही गोष्ट इथे संपत नाही. वाघाचा नकाशा आणि रानपिंगळ्याचा नकाशा एक नाही. रानपिंगळ्याला दाट जंगलापेक्षा विरळ, पानगळीचं सागवानी जंगल आवडतं. बरेचदा ते शेताच्या कडेला असतं. संशोधकांना हा पक्षी मध्य प्रदेशातल्या खकनार आणि कालीभीतच्या जंगलांतही आढळला आहे. आणि नवा मार्ग जातो तो खकनारच्याच बाजूने.

याचा अर्थ नवा मार्गही रद्द करा, असा नाही. अर्थ एवढाच की 'व्याघ्र प्रकल्पाबाहेर आहे' म्हणजे 'घरटं नाही' असं गृहीत धरता येत नाही. त्या भागात झाडं तोडण्याआधी ऑक्टोबर ते मे या विणीच्या काळात पाहणी व्हायला हवी. जून-जुलैमध्ये पाहणी करून 'रानपिंगळ्याची वीण आढळली नाही' असं लिहिलं, तर ते कागदावर बरोबर असेल, पण उपयोगाचं नसेल.

धारणी तालुक्यातल्या अप्पर तापी प्रकल्पाच्या बाबतीतही हीच काळजी अभ्यासकांनी मांडली आहे. तापीच्या खोऱ्यातलं सागवानी जंगल पाण्याखाली गेलं तर रानपिंगळ्याचा अधिवास जाईल. पाणी वऱ्हाड-खानदेशाला हवंच आहे. म्हणून कुठली जमीन बुडणार आणि तिथे कोण राहतं, हे आधी मोजणं गरजेचं ठरतं.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठी आहे. बंदूक चालवणं म्हणजेच शिकार, असं नाही. संरक्षित वन्य पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का पोहोचवणं हेही त्या व्याख्येत 'शिकार'च आहे.

• रानपिंगळा या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण.

• अनुसूची १ मधल्या प्राण्यांबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड.

• हे संरक्षण फक्त अभयारण्यात लागू नाही. शेताच्या धुऱ्यावरच्या झाडालाही लागू आहे आणि कॉलनीतल्या कडुनिंबालाही.

शहरात झाड तोडायचं तर महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन कायदा १९७५ लागू होतो. अमरावती आणि अकोला महापालिकांमध्ये वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगी देण्याआधी झाडाची पाहणी आणि नागरिकांकडून हरकती मागवणं ही प्रक्रिया आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हणून वेगळं स्थान दिलं. ढोली याच वयाच्या झाडांत असतात, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

झाड तोडायची परवानगी मिळाली, म्हणजे घरटं मोडायची परवानगी मिळाली, असं मात्र नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत. पहिला कागद हातात असला तरी दुसरा गुन्हा होऊ शकतो. अनेक छोट्या ठेकेदारांना नेमकं हेच माहीत नसतं.

काम चालू ठेवून घरटं कसं वाचवतात?

जगभरात यासाठी एक साधी पद्धत वापरली जाते. पायऱ्या चार.

१. आधी पाहा. काम सुरू होण्याआधी विणीच्या एका हंगामात जाणकाराकडून पाहणी करून घ्यायची. झाडांच्या यादीत उंची आणि घेर लिहितात, तसा 'ढोली आहे का, घरटं आहे का' असा एक रकाना वाढवायचा. खदान, नाल्याचे काठ आणि जुन्या इमारतीही त्यात आल्या पाहिजेत.

२. टाळता येत असेल तर टाळा. मार्ग थोडा सरकवणं, पुलाचा खांब किंवा विजेचा मनोरा दहा-वीस मीटर बाजूला घेणं नकाशावर असताना स्वस्त असतं.

३. टाळता येत नसेल तर अंतर आणि वेळ पाळा. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर त्याभोवती एक पट्टा आखून तिथलं काम पुढे ढकलायचं. बाकीची साइट चालू ठेवायची. अमेरिकेत बाल्ड ईगल या गरुडाच्या घरट्यापासून, घरट्यातून काम दिसत असेल तर, ६६० फूट म्हणजे सुमारे २०० मीटरच्या आत बांधकाम टाळण्याच्या सूचना आहेत. स्फोटासारख्या मोठ्या आवाजासाठी हे अंतर अर्धा मैल आहे. भारताच्या वन्यजीव कायद्यात असा सरसकट मीटरचा आकडा दिलेला नाही. त्यामुळे अंतर पक्षी, जागा आणि कामाचा प्रकार पाहून वनविभागाशी बोलून ठरवावं लागतं.

४. नंतरही लक्ष ठेवा. पिल्लं उडाल्यावरही काही आठवडे आई-बापावर अवलंबून असतात. त्यामुळे घरटं रिकामं दिसल्याच्या दुसऱ्याच दिवशी करवत लावू नये.

याशिवाय काही छोट्या गोष्टींनी मोठा फरक पडतो. वाळकं झाड रस्त्याच्या हद्दीबाहेर असेल आणि पडून धोका नसेल, तर ते तसंच ठेवावं. रात्रीच्या कामाचे दिवे जंगलाकडे न वळवता खाली वळवावेत. मजुरांना पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत सांगावं की घरटं दिसलं तर काय करायचं. घुबड अशुभ असतं म्हणून दगड मारणं किंवा दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबड पकडणं हे गुन्हे आहेत, हेही त्यात आलं पाहिजे.

कृत्रिम पेट्या लावून भागेल का? गव्हाणी घुबडासाठी काही प्रमाणात हो. तो पक्षी माणसाच्या आसपास जुळवून घेतो. पण पेटी लावली म्हणून रानपिंगळ्याचं जुनं झाड तोडायला मोकळीक मिळत नाही. त्याला ढोलीबरोबर भोवतालचं शिकारीचं जंगलही लागतं.

याने खर्च वाढतो का?

थोडा वाढतो. पाहणीला माणूस लागतो, वेळापत्रक हलवावं लागतं. पण उशिराचा खर्च त्याहून मोठा असतो. अकोला-खंडवा मार्गात अकोटच्या पुढचं काम वर्षानुवर्षं रखडलं आणि त्याची किंमत प्रवाशांनी मोजली. वळणाचा मार्ग सुरुवातीलाच ठरला असता, तर जंगलही वाचलं असतं आणि अकोटचा माणूस खंडव्याच्या गाडीची वाट बघत बसला नसता. घरट्यांची पाहणी उशिरा झाली की भुर्दंड दोघांनाही बसतो, पक्ष्यालाही आणि माणसालाही.

तुमच्या जवळ घरटं दिसलं तर काय कराल?

• ओळखा: झाडाखाली किंवा भिंतीवर विष्ठेचे चुन्यासारखे पांढरे ओघळ, खाली पडलेले केस-हाडांचे गोळे (घुबडं न पचलेलं अन्न असं बाहेर टाकतात), तोंडात किंवा पंजात भक्ष्य घेऊन एकाच जागी होणाऱ्या फेऱ्या, ही वापरातल्या घरट्याची लक्षणं आहेत.

• लांबूनच फोटो काढा. तारीख, वेळ आणि झाडावरचा आकडा त्यात दिसेल असं पाहा. फ्लॅश वापरू नका, आवाजाची रेकॉर्डिंग लावून पक्ष्याला बाहेर बोलावू नका.

• लोकेशन पोस्ट करू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. घरट्याचा नेमका पत्ता इन्स्टाग्रामवर टाकला की आधी फोटोवाल्यांची गर्दी होते आणि मागून पकडणारेही येतात. पत्ता फक्त वनविभागाला द्या.

• कॉल करा. महाराष्ट्र वनविभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. शहरात असाल तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यालाही लेखी कळवा आणि पोच घ्या.

• साइटवर भांडू नका. जेसीबी चालवणाऱ्याच्या हातात निर्णय नसतो. साइट इंजिनिअरला फोटो दाखवा, कायद्यातली 'शिकार'ची व्याख्या सांगा. 'काम बंद करा' म्हणण्यापेक्षा 'हे एक झाड पिल्लं उडेपर्यंत सोडा' ही मागणी पटकन मान्य होते.

• पिल्लू खाली दिसलं तर लगेच उचलू नका. घुबडाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच ढोलीबाहेर येऊन फांदीवर बसतात, कधी खाली उतरतात. आई-बाप जवळच असतात. जखमी असेल किंवा झाडच पाडलं गेलं असेल, तर हवेसाठी भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवा आणि १९२६ वर कळवा. दूध, पोळी, पाणी तोंडात घालू नका.

• हरकत वेळेत घ्या. तुमच्या रस्त्यावरच्या झाडांवर तोडण्याची नोटीस लागली, तर मुदतीतच लेखी हरकत द्या. त्यात 'या झाडाला ढोली आहे, पक्ष्यांचा वावर आहे, पाहणी करावी' असं स्पष्ट लिहा. झाड पडल्यावर केलेल्या पोस्टपेक्षा हा अर्धा पानाचा कागद जास्त कामाचा असतो.

पावसाळा संपून कामं पुन्हा सुरू होतात तो ऑक्टोबर महिना पाहणीसाठी सगळ्यात योग्य. तुमच्या परिसरात रस्ता रुंद होणार असेल किंवा नवं ले-आउट पडणार असेल, तर त्या वाटेवरच्या जुन्या झाडांवर एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी नजर टाका. ढोलीतून एखादा पिवळ्या डोळ्यांचा पिंगळा बाहेर बघताना दिसला, तर नोटीस लागायची वाट न पाहता वनविभागाला कळवा.